चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

माणसाचं तोंड बाहेरून बरं दिसतं. ओठ नीटनेटके, दात घासलेले, आणि हसू तर कुणाकुणाचं असं की बघत राहावं. मी ते आतून पाहिलेलं आहे. मी एका मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला चव घेण्याचा चमचा, आणि किळस या विषयावर बोलायचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नसावा.

माझ्या नावाने तुम्ही एकमेकांना शिव्या देता, हे मला ठाऊक आहे. साहेबांच्या मागेपुढे करणारा तो चमचा. मी जन्मात कुणाच्या मागेपुढे केलेलं नाही. मला दांड्याला धरून जिकडे नेतात तिकडे मी जातो, आणि जे दिसतं ते लक्षात ठेवतो.

एका कारखान्यात स्टीलच्या पत्र्यातून मशीनने मला दाबून काढलं. माझ्याबरोबर जन्मलेले बाकीचे चमचे लहान होते, ते जेवणाच्या टेबलांवर गेले. मी लांब दांड्याचा, चांगला खोलगट. म्हणून मला शेगडीशेजारच्या खिळ्यावर टांगलं आणि समोरच्या भिंतीवरच्या पाटीशी माझी गाठ पडली.

त्या पाटीमागे एक गोष्ट होती. माझ्या आधी कधीतरी नासलेल्या रश्शाने साठ मुली एकदम आजारी पडल्या होत्या. तेव्हापासून नियम झाला: जेवणाच्या घंटेपूर्वी अर्धा तास रेक्टरने प्रत्येक पातेल्यातला वरचा एक आणि तळाचा एक असे दोन चमचे खाऊन पाहावेत. अर्ध्या तासात पोटात काही गडबड झाली नाही, तरच घंटा. पाटीवर ‘रेक्टरने’ असं स्वच्छ लिहिलं आहे. त्या अक्षरांवर तेलाची पुटं चढली आहेत, पण वाचता येतं.

मी आलो त्याच आठवड्यात रेक्टरबाईही नव्याने आल्या होत्या. सडपातळ, इस्त्रीच्या कपड्यांतल्या, चालताना टाचांचा आवाज करणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला हातात धरलं, सहा पातेल्यांकडे पाहिलं आणि मुख्य स्वयंपाकिणीला म्हणाल्या, “मावशी, माझं डाएट चालू आहे. माझ्या वाटचं तुम्हीच खा ना.”

मावशी हसल्या आणि त्यांनी खाल्लं. त्याला सहा वर्षं झाली.

मावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचा कणा. वय पंचेचाळीसच्या आसपास, दंड भरदार, आवाज खणखणीत. दोनशे मुली त्यांना मावशी म्हणतात, भांडी घासणाऱ्या काकी मावशी म्हणतात, भाजीवालाही मावशीच म्हणतो. घरी त्या एकट्या. सख्खं असं एकच माणूस, धाकटा भाऊ. तो वायरमन होता, विजेची कामं करायचा. ‘होता’ म्हणतो, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेणं हेच त्याचं मुख्य काम होऊन बसलं.

मावशी त्याला किडनी देणार होत्या. तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, सगळं जुळलं. अडलं एका गोष्टीवर. डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या वजनावर तुमची किडनी काढणं तुमच्याच जिवाला धोक्याचं आहे. चार महिन्यांत सहा किलो उतरवा. उतरलं की तारीख देतो.

सहा किलो. मावशी रोज वीस किलोचं भाताचं पातेलं एका दमात उतरवतात. हे सगळं त्यांनी बटाटे सोलता सोलता काकींना सांगितलं आणि म्हणाल्या, भावासाठी सहा काय, बारा उतरवीन.

मग डाएट सुरू झालं. दवाखान्यातल्या डाएटवाल्या बाईंनी एक कागद दिला आणि एक वही. जे खाल ते लिहायचं. मावशींचं अक्षर मोठं आणि वळणदार. सकाळी एक उकडलेलं अंडं. दुपारी वाटीभर भाजी, पावाचे दोन तुकडे. संध्याकाळी सूप. मी खिळ्यावरून बघत होतो, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुली केक आणायच्या तर त्या मान फिरवायच्या. चहातली साखर गेली. डोकं दुखायला लागलं, चिडचिड वाढली, एकदा तर मीठ कुठं ठेवलंय यावरून काकींवर ओरडल्या आणि मग त्यांनाच रडू आलं.

दोन महिने झाले. वजन उतरलं एक किलो.

इथे मला माझंही पाप कबूल केलं पाहिजे. मला मावशींची शिसारी यायला लागली होती. मला वाटलं, ही बाई घरी जाऊन चरत असणार. तिकडे भाऊ मशीनला लटकलेला आणि हिला तोंड आवरत नाही! दिवसातून कितीतरी वेळा मी त्यांच्या जिभेवर जात होतो. दातांत अडकलेला भाजीचा तंतू, टाळ्याला चिकटलेला भात, रश्शाचा तवंग, आणि प्रत्येक वेळी घशाकडून येणारा तो ‘अं’ असा समाधानाचा हुंकार. तो हुंकार ऐकला की मला गंज चढेल असं वाटायचं. स्टीलला चढत नाही, म्हणून राहिलो.

डाएटवाल्या बाईंनाही तेच वाटत होतं. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, एवढंच खाणाऱ्या माणसाचं वजन उतरतंच, म्हणजे तुम्ही सगळं लिहीत नाही. मावशींनी शपथ घेतली. बाईंनी ऐकून घेतलं आणि वहीत लाल शाईने लिहिलं, ‘प्रामाणिकपणे नोंद करावी.’ ते लाल वाक्य मावशींनी काकींना दाखवलं आणि वही मिटून ठेवली.

आणि मग भावजय आली. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. नवऱ्याला सांभाळून सांभाळून वाळून गेलेली बाई. ती मुळात दुष्ट नाही, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी बोलली ते असं:

“वन्सं, मी काही बोलणार नव्हते. पण माणसाला मनापासून द्यायचं असलं ना, की तोंड आपोआप आवरतं.”

मावशी शेगडीकडे वळल्या, रस्सा ढवळला, आणि मला उचलून चव घेतली. मीठ बरोबर होतं.

सगळ्यांत संतापजनक होत्या त्या रेक्टरबाई. रोज घंटेआधी यायच्या, मावशींना सहा पातेल्यांतले बारा चमचे खाताना हाताची घडी घालून बघायच्या, आणि वर सल्ला द्यायच्या. इच्छाशक्ती लागते मावशी. माझ्याकडे बघा. मी सहा वर्षांत गोड तोंडात घातलेलं नाही.

आता मी काय सांगू! दुपारी स्वयंपाकघर रिकामं झालं की ह्याच बाई टाचा न वाजवता आत यायच्या, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सरकवायच्या आणि साय काढायला त्यांना मीच लागायचो. भरभर, उभ्याउभ्या, दाराकडे बघत. साखरेच्या डब्यातही बुडवायच्या. मग रुमालाने मला पुसून, न धुता, तसाच खिळ्याला. रात्रीपर्यंत मी चिकट. त्या रुमालाला अत्तराचा वास होता, आणि साय अधिक अत्तर म्हणजे काय, याची कल्पना तुम्ही न केलेली बरी. दर महिन्याला त्यांचं डाएट नवं. एका महिन्यात नुसती फळं, दुसऱ्या महिन्यात सगळं उकडलेलं, तिसऱ्यात सूर्य मावळला की उपाशी. आणि दर महिन्याला साय तीच.

एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद पडला. मावशींनी भावाला निरोप दिला. मशीनचा दिवस नव्हता, अंगात थोडं बळ होतं, म्हणून तो आला. चेहरा मातकट, पाय सुजलेले, पण हातात पेचकस आला की बोटं पूर्वीसारखी चालायची. पंखा सुरू केला आणि बटाट्यांच्या पोत्याशेजारी स्टुलावर दम खात बसला.

त्याच्याकडे एक लहान बाटली होती. दिवसभरात तेवढंच पाणी प्यायची त्याला परवानगी. म्हणून त्याला सवयच लागली होती, जे घशाखाली जाईल ते मोजायची. स्वतःचं मोजता मोजता तो समोर बहिणीचंही मोजू लागला असावा.

सूप उकळलं, मावशींनी चव घेतली. भाजीत मीठ पडलं, चव घेतली. पुन्हा पडलं, पुन्हा घेतली. रश्शाची एक, भाताची एक. मग रेक्टरबाई आल्या, हाताची घडी घातली, आणि सहा पातेली सुरू झाली. वरचा चमचा, तळाचा चमचा. शेवटी पुडिंग. रेक्टरबाई गेल्यावर तो म्हणाला:

“ताई, सतरा.”

“काय सतरा?”

“मी बसल्यापासून सतरा चमचे खाल्लेस.”

मावशी हसल्या. “वेड्या, ते खाणं नव्हे. चव घेतली. ते काम आहे माझं.”

“हे कामाचं आहे, असं पोटाला कोण सांगणार?”

त्याने मला मावशींच्या हातातून घेतलं, नळाखाली धुतलं आणि पाण्याने भरून एका मोठ्या वाडग्यात ओतायला लागला. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. पाचव्या चमच्यापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. नवव्याला गेलं. सतरावा ओतला तेव्हा वाडगा काठोकाठ भरला होता. तो वाडगा वसतिगृहातल्या सर्वांत खादाड मुलीचा, एका वेळेचा. आणि ही झाली नुसती दुपार. संध्याकाळी पुन्हा तेवढंच.

मावशी उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसल्या. वहीत त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. टेबलावर बसून, ताट वाढून घेऊन जे खाल्लं, ते सगळं लिहिलं होतं. उभ्याने, कामाचं म्हणून, दुसऱ्याच्या वाटचं जे गिळलं, ते खाणं असतं हेच त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. वही वाचणाऱ्या बाईंनीही कधी विचारलं नव्हतं की तुम्ही काम काय करता.

मीही विचारलं नव्हतं. आणि प्रत्येक घास तर माझ्यावरूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी रेक्टरबाईंना सांगितलं, चव आता तुम्हीच घ्या, पाटीवर तसंच लिहिलंय. रेक्टरबाईंनी ऐकून घेतलं. चमचाभर चवीने कुणी जाडं होत नसतं, असं आधी म्हणाल्या. मग भावाचा विषय निघाला तेव्हा बघते म्हणाल्या, आणि संध्याकाळी एक कागद आला. यापुढे चव भांडीवाल्या काकी घेतील.

काकी! पन्नाशीच्या, किडकिडीत, वाऱ्याने उडतील अशा. त्यांना साखरेचा आजार आहे. सकाळी पाण्याबरोबर गोळी घेतात ती मी रोज बघतो, मावशीही बघतात. काकींनी कागद वाचून घेतला आणि मान हलवली. त्यांचं काम रोजंदारीचं. नाही म्हणणाऱ्या बाईला उद्या बोलावलं नाही तर चालतं, एवढं त्यांना कळत होतं.

तर मी काकींच्या तोंडात जाऊ लागलो. पुढचे दोन दात नसलेल्या, भीतभीत उघडणाऱ्या तोंडात. पुडिंग वरचा एक, तळाचा एक.

मावशी गप्प राहिल्या. हे मला सांगायलाच हवं, कारण मी कुणाची बाजू घ्यायला बसलेलो नाही. त्या भाजी चिरत पाठ करून उभ्या राहायच्या. तीन आठवड्यांत दोन किलो उतरले होते, डॉक्टर खूश होते, भावजय परवा येऊन चक्क हात धरून गेली होती. भावाचा जीव आता तीन किलोंच्या अंतरावर आला होता. मी त्यांच्या पाठीकडे पाहायचो आणि मला वाटायचं, माणसाच्या तोंडापेक्षा त्याची पाठ जास्त किळसवाणी असते.

एका दुपारी पुडिंगचा दुसरा चमचा खाऊन काकी मला खिळ्याला अडकवायला गेल्या आणि खिळाच चुकला. मी फरशीवर पडलो. काकी भिंत धरून खाली बसल्या. कपाळावर घाम, ओठ कोरडे. म्हणाल्या, काही नाही, उकडतंय जरा.

मावशींच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी काकींना पाणी दिलं, पाय पसरून बसवलं. मग वाकून मला उचललं, धुतलं, आणि तशाच ओल्या हाताने जेवणाच्या हॉलमध्ये गेल्या. दोनशे मुली ताटं वाजवत बसल्या होत्या. रेक्टरबाई घंटेजवळ उभ्या.

मावशींना भाषण येत नाही. त्यांनी मला वर धरलं आणि सगळं सांगितलं. भाऊ, सहा किलो, सतरा चमचे, काकींची साखर. मग म्हणाल्या, सहा पातेली आहेत आणि तुम्ही दोनशे जणी. एकीने एकाच पातेल्यातले दोन चमचे खायचे. महिन्यात एकदा-दोनदा नंबर लागेल. कुणाचंही काही वाढणार नाही. आणि बाईंचीही पाळी धरायची.

तारा लावलेल्या दातांच्या एका मुलीने आधी हात वर केला. मग इतके हात वर झाले की मागचं कुणी दिसेना.

“मुलींना काही झालं तर जबाबदार कोण?” रेक्टरबाई म्हणाल्या.

“सहा वर्षं मला झालं असतं तर कोण होतं, बाई?”

हॉलमध्ये चमचे वाजायचे थांबले. माझे लहान भाऊ ते, मला अभिमान वाटला. मावशींनी मला रेक्टरबाईंपुढे धरलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “पहिली पाळी तुमची.”

पातेली बाहेर आणली गेली. रेक्टरबाईंनी रश्शात मला बुडवलं. मी त्या जिभेला चांगला ओळखून होतो, पण उजेडात, माणसांदेखत ती आणि मी प्रथमच भेटत होतो. त्यांनी खाल्लं. मग तळाचा खाल्ला. मग, नियमात नसताना, कुणी न सांगता, तिसरा घेतला आणि डोळे मिटून सावकाश गिळला. तेव्हा मला समजलं की ही बाई सहा वर्षं उपाशी आहे. किळस आली ती आलीच. पण थोडी कीवही आली, आणि दोन्ही एकत्र आलं की काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या नशिबी दोनशे तोंडं आली. कुणी च्युइंगम चिकटवतं, कुणी चावतं, कुणी आधी ओठांना काहीतरी गुलाबी फासून येतं. मधेमधे धुतात, म्हणजे तसं म्हणतात. काकींना कुणी कामावरून काढलं नाही. दोनशे जणींनी ज्यांचं नाव ऐकलं त्या बाईला काढणं जरा अवघड असतं.

मावशींचं वजन उतरत गेलं. शेवटच्या तपासणीला सहा किलोत दोनशे ग्रॅम कमी पडले. डॉक्टर म्हणाले, दोनशे ग्रॅमसाठी मी कुणाला परत पाठवत नाही. भरती व्हायच्या आदल्या दिवशी ह्याच शहाण्या मुली मोठा केक घेऊन स्वयंपाकघरात आल्या. एक तुकडा मावशी, आमच्यासाठी, आजच्या दिवस! मी खिळ्यावर डोळे मिटून घेतले. माणसं जीव लावतात तेही असं, घास कोंबून. मावशींनी केकचा वास घेतला, सगळ्यांच्या गालावरून हात फिरवला आणि तो कापून त्यांनाच वाटला.

काल ऑपरेशन झालं. आज दुपारी भावजयीचा फोन आला आणि रेक्टरबाईंनी हॉलमध्ये उभं राहून तो तिच्याच शब्दांत सांगितला. वन्सं शुद्धीवर आल्या, पाणी मागतायत. यांची नवी किडनी चालू झाली. एवढं ऐकलं आणि मुलींनी ताटं बडवली.

मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणीतरी डाएट करत असेल आणि त्याला ते जमत नसेल. तुम्ही त्याला तोंड आवर म्हणाल, माझ्याकडे बघ म्हणाल, वहीवर लाल शाईने लिहाल. त्याआधी एक दिवस स्टुलावर बसा आणि मोजा. तो कुणाचं उरलेलं संपवतो, कुणाचं मन मोडू नये म्हणून गिळतो, कुणाच्या वाटचं खातो. त्यात तुमच्या वाटचं किती आहे, तेही मोजा. मी मोजलं नव्हतं. त्याची लाज मी अजून धुऊन काढतो आहे, आणि आमच्या इथला साबण काही फार चांगला नाही.

आता थांबतो. घंटेला अर्धा तास राहिला आहे. आज भाताच्या पातेल्यावर जिची पाळी आहे ती मुलगी आली. तिला सर्दी झालेली आहे, आणि तिने मला खिळ्यावरून काढण्याआधी त्याच हाताने नाक पुसलं.